मज्जासंस्थेचा पाठ आणि प्राणरक्षण



हैदराबादच्या नारायणगुडा भागात शिक्षण आणि आरोग्य शेजारी नांदतात. न्यायमूर्ती केशवराव कोरटकर यांच्या स्मरणार्थ १९४० साली स्थापन झालेली केशव मेमोरियल शिक्षणसंस्था येथे आहे; तसेच कुत्रा चावलेल्यांना प्रतिबंधक लस देणारी इन्स्टिट्यूट ऑफ प्रिव्हेंटिव्ह मेडिसिन ही सरकारी संस्थाही येथेच आहे. मज्जासंस्था, ज्ञानेंद्रिये व अंतःस्रावी ग्रंथी यांचा पाठ हा शेजार ध्यानात ठेवून शिकविल्यास तो केवळ पाठांतराचा राहणार नाही.

अंगावर कुत्रा धावून येण्याचा प्रसंग बहुतेक विद्यार्थ्यांना परिचित असतो. डोळे व कान ही वार्ता मज्जातंतूंकरवी मेंदूस पोहोचवितात. जलद तंतूंतून संदेश सेकंदाला सुमारे १०० मीटर वेगाने धावतो. मेंदूच्या आज्ञेने पाय हलतात आणि मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी अ‍ॅड्रेनलीन रक्तात सोडतात. कुत्रा निघून गेला तरी छाती धडधडत राहते, कारण रक्तात मिसळलेले संप्रेरक ओसरण्यास वेळ लागतो. एकाच प्रसंगातून तिन्ही संस्थांचे कार्य असे उलगडते.

आणि कुत्रा चावलाच तर? रेबीजचा विषाणू जखमेतून मज्जातंतूंत शिरतो व त्याच वाटेने मेंदूकडे सरकतो. मात्र दिवसाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर इतक्याच गतीने. लक्षणे दिसण्यास बहुधा दोन-तीन महिने, कधी आठवडा, तर कधी वर्षही लागते. ती दिसू लागल्यावर मृत्यू जवळजवळ अटळ असतो. म्हणूनच मधला काळ अनमोल होय.

जखमेवर चुना, हळद वा तिखट लावू नये, मांत्रिकाकडेही जाऊ नये. साबण व वाहत्या पाण्याने जखम १५ मिनिटे धुवावी, त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि लसीच्या सर्व मात्रा पूर्ण कराव्यात. जखम खोल असल्यास डॉक्टर जखमेत प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही देतात. पोटातील चौदा इंजेक्शनांची धास्ती आता निराधार आहे. मेंढीच्या मेंदूपासून बनविलेल्या त्या लसीने क्वचित पक्षाघातही होई. भारतात तिचे उत्पादन २००४ अखेर थांबले. आजची लस दंडात दिली जाते.

मज्जातंतूची आकृती वहीत सुबक उतरली म्हणजे पाठ संपला, असे शिक्षकांनी मानू नये. धाकट्या भावंडास कुत्रा चावताच जो विद्यार्थी साबण घेऊन नळाकडे धावेल आणि वडीलधाऱ्यांना दवाखान्याची वाट धरावयास लावील, त्यालाच हा पाठ खऱ्या अर्थाने समजला.