अमीना रांगेत नव्हती

(रविवारच्या अभ्यासवर्गांत शिकवणाऱ्या तरुण स्वयंसेवकांसमोर केलेलं भाषण)



मी भाषेचा शिक्षक नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. गोष्टीच्या आशयावर मुलांना परिच्छेद लिहायला कसं शिकवायचं, यावर बोला म्हणून निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो होतो. मग वाटलं, या कामात माझ्याइतक्या चुका इथे कुणी केल्या नसतील. तेवढ्या भांडवलावर बोलतो.

आमच्या वर्गात आठवी-नववीची मुलं-मुली येतात. काही उर्दू माध्यमाची, बरीचशी मराठी. गोष्ट घेतली होती प्रेमचंदांची 'ईदगाह', १९३३ सालची. तुमच्यापैकी अनेकांनी वाचली असेल. चार-पाच वर्षांचा पोरका हमीद आणि त्याची आजी अमीना. ईदच्या दिवशी पोरगा तीन पैसे घेऊन मेळ्याला जातो आणि खेळणी, मिठाई सोडून आजीसाठी चिमटा घेऊन येतो, कारण तव्यावरून रोट्या काढताना तिची बोटं भाजतात.

मी फळ्यावर लिहिलं, 'या कथेचं आशयसूत्र एका परिच्छेदात लिहा.' वह्या आल्या. जवळपास प्रत्येक वहीत आधी अख्खी गोष्ट आणि शेवटी एकच ओळ: आपण वडीलधाऱ्यांची काळजी घ्यावी, असा बोध मिळतो. दोष मुलांचा नव्हता. शाळेत तात्पर्य विचारतात, घरी नसीहत सांगतात. गोष्ट म्हणजे नसीहतीवरचं वेष्टन, ते काढून टाकायचं, असंच ती शिकलेली.

तेव्हा पहिलं काम म्हणजे तीन गोष्टी वेगळ्या करणं. 'गरिबी' हा विषय झाला, एक शब्द. 'आजीची काळजी घ्या' हे तात्पर्य झालं, म्हणजे वाचकाला दिलेली आज्ञा. आशयसूत्र म्हणजे त्या विषयाबद्दल ही गोष्ट काय म्हणते, ते सांगणारं पूर्ण वाक्य. ज्याच्याशी दुसरा वाचक वाद घालू शकेल असं. 'गरिबी मुलाला वयाआधी म्हातारं करते' हे आशयसूत्र आहे. कुणी म्हणेल, छे, हमीद तर चिमटा खांद्यावर टाकून बंदूक-बंदूक खेळतो, तो मूलच आहे. झाला वाद सुरू, आणि दोघांनाही पुन्हा पुस्तक उघडावं लागलं.

पुढचं मला माझ्या धंद्यातून सुचलं. आमच्याकडे कुणी 'ॲप चालत नाही' एवढंच कळवलं तर त्याचा काही उपयोग नसतो. कुठलं बटण दाबलं, काय दिसलं आणि त्यावरून बिघाड इथेच आहे असं का वाटतं, हे लागतं. परिच्छेदातही तेच: विधान, गोष्टीतला आधार आणि त्या आधारावरून हे विधान कसं निघतं याचा उलगडा. पहिली दोन मुलांना पटकन जमतात. तिसऱ्यावर सगळी अडतात. आधार दिला की काम झालं असं त्यांना वाटतं. त्या जागी मी समासात एकच शब्द लिहितो, 'म्हणून?'

आता माझी चूक सांगतो. ईदगाहवरच्या नमाजाचं वर्णन तुम्हाला आठवत असेल. तिथे पैसा आणि हुद्दा कुणी पाहत नाही, सगळे एका रांगेत, एकदम झुकतात. आणि नमाज संपल्याबरोबर मेळा, जिथे मोहसिनकडे पंधरा पैसे, महमूदकडे बारा आणि हमीदकडे तीन. एका मुलानं हे बरोबर हेरलं होतं. पण एका मुलीनं लिहिलं, 'या गोष्टीत सगळे समान नाहीत, कारण अमीना रांगेत नव्हती.' आणि पुढे पानभर आपल्या मोहल्ल्याबद्दल, मशिदीबद्दल, बायकांच्या जागेबद्दल. मला इतका आनंद झाला की मी ते वर्गात वाचून दाखवलं आणि पैकीच्या पैकी गुण दिले.

एक मुलगा उठला. म्हणाला, "सर, हिनं गोष्टीबद्दल लिहिलंच नाही. तुम्हाला पटलं म्हणून तुम्ही गुण दिले."

खरं होतं. मला न पटणारं मत त्याच तऱ्हेनं लिहिलेलं असतं तर मी लाल शाईनं 'आधार कुठे?' असं विचारलं असतं. आपल्या चळवळीत हा धोका मोठा आहे, म्हणून मुद्दाम सांगतोय. आपण सुधारणेच्या बाजूचे. मूल आपल्या बाजूचं बोललं की आपण तपासणं सोडतो. मग ते मूल आपल्यालाच खूश करायला शिकतं. नसीहत तेवढी बदलली.

मी वही परत दिली आणि विचारलं, अमीना का नव्हती, हे गोष्ट कुठे सांगते? पुढच्या रविवारी ती आधार घेऊन आली. नातवाला एकटं पाठवताना अमीनाच्या जिवाची घालमेल होते, बरोबर जावं असं तिला वाटतं, पण मग घरी शेवया कोण करणार? घरात उरलेत आठ पैसे. तीन हमीदच्या खिशात, पाच तिच्या बटव्यात. मुलीनं लिहिलं, की अमीनाला घरी ठेवणारी गोष्ट म्हणजे ईदचंच काम. रांगेतली समानता ज्या सणाची, त्याच सणाची चूल तिच्याकडे.

मग त्याच मुलानं हरकत काढली: हमीदनं तिन्ही पैसे कुणासाठी खर्च केले? जी मेळ्यात नव्हती तिच्यासाठी. त्याच्या मते, गोष्ट अमीनाला विसरलेली नाही. मुलगी थोडा वेळ गप्प बसली. मग तिनं शेवटचं वाक्य खोडून नवं लिहिलं: 'हमीद तिला मेळ्यातून भेट आणतो, पण ती भेट पुन्हा चुलीजवळच वापरायची आहे.'

मला ते अजून पूर्ण पटलेलं नाही. चिमटा पाहून अमीना आधी चिडते आणि मग दुवा देत रडते, त्या रडण्याचं काय, हे मी समासात लिहून वही परत दिली आहे. ती या रविवारी उत्तर आणणार आहे.