आधी बालवाडी, मग प्रशिक्षण वर्ग
(कुंडल येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



बालवाडीच्या बाईंना घडवणाऱ्या प्रशिक्षण वर्गाला मान्यता कशावरून द्यावी, हा माझा आजचा विषय आहे. कुंडलमध्ये उभं राहून 'मान्यता' हा शब्द जपूनच वापरावा लागतो. 1943 ते 1946 या काळात या परिसरात इंग्रजांना न जुमानता लोकांनी उभारलेलं प्रतिसरकार चाललं. त्यातले जी. डी. बापू लाड इथलेच, त्याच्या तुफान सेनेचे कॅप्टन रामभाऊ लाड इथलेच. त्या सरकारला मान्यतेचं पत्र कुणी दिलं नव्हतं. लोक आपले तंटे घेऊन त्याच्याकडे गेले आणि त्याचे निकाल त्यांनी पाळले. तीच त्याची मान्यता होती.

मी सरकारी मान्यतेच्या विरोधात बोलायला आलेलो नाही. मला ती हवी आहे, आणि आजच्यापेक्षा कडक हवी आहे. माझी तक्रार एवढीच आहे की ती भलत्या ठिकाणी कडक आहे.

आधी शब्द वेगळे करू. शिक्षक-प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम सुरू करण्याची परवानगी राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद, म्हणजे एनसीटीई, देते. 1993 च्या कायद्याने हा अधिकार तिला मिळाला. ही झाली मान्यता. परीक्षा घेणाऱ्या मंडळाशी किंवा विद्यापीठाशी जोडून घेणं ही संलग्नता. आणि चालू संस्थेचा दर्जा ठरावीक वर्षांनी बाहेरच्या माणसांनी येऊन तपासणं हे मानांकन. महाविद्यालयांच्या बाबतीत ते नॅक करतं. पूर्वप्राथमिकची दोन वर्षांची पदविका एनसीटीईच्या 2014 च्या नियमांत आहे. बालवाडीच्या शिक्षिकेसाठी बारावी आणि अशी पदविका ही किमान पात्रताही कागदावर आहे. पण गल्लीतली नर्सरी चालवणाऱ्याला ती कुणी विचारत नाही. पहिली ते आठवीच्या शिक्षकाला टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आहे. तीन वर्षांच्या मुलासमोर मात्र कुणीही उभं राहू शकतं. मॉन्टेसरीबाईंचं नाव पाटीवर लावायलाही कुणाची परवानगी लागत नाही. म्हणून तालुक्यातालुक्यात तीन-तीन महिन्यांचे वर्ग निघतात. मुली फी भरतात, चकचकीत प्रमाणपत्र घेतात, आणि नोकरीच्या दारात गेल्यावर त्यांना कळतं की या कागदाला किंमत नाही. अशा दोघी मुली माझ्यासमोर बसून रडलेल्या आहेत. एकीच्या आईने फीसाठी शेळ्या विकल्या होत्या.

मग सगळ्या वर्गांना मान्यता सक्तीची केली की काम भागेल? महाराष्ट्राने हा अनुभव प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेच्या, म्हणजे डी.एड.च्या, वेळी घेतलेला आहे. राज्य सरकार सांगत होतं की एवढी विद्यालयं नकोत. तरीही एनसीटीईच्या पश्चिम विभागीय समितीकडून मान्यता मिळत गेल्या. वाद उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि त्यातूनच न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांचा आयोग नेमला गेला. 2012 मध्ये त्याचा अहवाल आला. वादातल्या आपल्या संस्थांची फेरतपासणी झाली, तेव्हा त्यांतल्या बहुसंख्य मान्यतेला पात्र नाहीत असं दिसलं. मान्यता तर या संस्थांना आधी मिळालेली होती, हे लक्षात घ्या.

मान्यतेच्या फायलीत काय असतं? डी.एल.एड. (डी.एड.चंच आताचं नाव) किंवा बी.एड.साठी 2500 चौरस मीटर जागा, 1500 चौरस मीटर बांधकाम, ग्रंथालय, ठेवी, प्राध्यापकांची यादी. यातलं काहीच वाईट नाही. पण हे सगळं मोजता येतं, म्हणून तेच मोजलं जातं. अशा एका तपासणीच्या दिवशी मी एका संस्थेत होतो. बालमानसशास्त्राची पुस्तकं कपाटात ओळीने लावली होती आणि त्यांची पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती. खेळण्यांचा खोकाही बंदच होता. दिवसभरात तिथे मला एकही लहान मूल दिसलं नाही. तरी तपासणीच्या नमुन्यात रिकामा रकाना राहिला नाही, कारण मुलांसाठी त्यात रकानाच नव्हता.

आता दुसरं टोक सांगतो, आणि तिथे जरा रेंगाळतो.

ताराबाई मोडक राजकोटला मुलींच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य होत्या. ते पद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या. प्राचार्यपद सोडून तीन-चार वर्षांच्या मुलांत जाऊन बसणं त्या काळी लोकांना उलटा प्रवास वाटला असेल. मला मात्र त्यांच्या पुढच्या साऱ्या कामाचं मूळ तिथेच दिसतं. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. 1936 मध्ये दादरला शिशुविहार सुरू झालं. 1945 मध्ये वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्या बोर्डीला खेड्यात गेल्या, आणि अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या.

बोर्डीत बालवाडी उघडली, पण गरिबांची मुलं काही येईनात. तेव्हा या बायका वस्तीवर गेल्या. तिथल्याच अंगणात मुलांना न्हाऊमाखू घालायचं, केस विंचरायचे, आणि शिंपले, बिया, पानं, दगडगोटे घेऊन खेळ मांडायचा. अंगणात भरते ती अंगणवाडी. आज देशभर सरकारी पाट्यांवर असलेला हा शब्द तिथून आला. पुढे 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र असलेली विकासवाडी तिथे उभी राहिली.

बालसेविकांचं, म्हणजे बालवाडीच्या बायकांचं, प्रशिक्षण या सगळ्याला लागूनच चालत होतं. शिकणारी बाई सकाळी वस्तीवर जात असेल, असं चित्र माझ्या डोळ्यांसमोर येतं. एखादं मूल रडत का बसलं, कालचा खेळ आज का फसला, हे प्रश्न ती दुपारी वर्गात घेऊन येत असेल. बालमानसशास्त्राचं पुस्तक मग तिच्या हातात उत्तर म्हणून पडत असेल. मला प्रशिक्षणाची याहून चांगली रीत ठाऊक नाही.

इथून लांब कशाला जा. तुमच्या कुंडलमध्येच वन अकादमी आहे. देशाच्या निरनिराळ्या भागांतले वनअधिकारी तिथे शिकायला येतात. त्यांना फळ्यावर झाड काढून दाखवलं आणि जंगल न दाखवताच परत पाठवलं, तर तुम्ही त्याला प्रशिक्षण म्हणाल का? मग बालवाडीच्या बाईला मुलं न दाखवता कसं तयार करता? 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने बारावी झालेल्या अंगणवाडी सेविकेसाठी सहा महिन्यांचा आणि कमी शिकलेल्या सेविकेसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम सांगितला. हेतू चांगला आहे. पण तो मोबाइलवर आणि दूरचित्रवाणीवर पोचवता येईल असंही तिथेच म्हटलं आहे. पोषण आहार वाटून, नोंदी भरून, लसीकरणाच्या दिवशी धावपळ करून घरी गेलेल्या बाईने रात्री मोबाइलवर व्हिडिओ पाहायचा, आणि त्याला आपण प्रशिक्षण म्हणायचं! त्या बाईबद्दल मला आदर आहे, म्हणूनच हे मला मान्य नाही. तिला कुणीतरी हाताला धरून शिकवलं पाहिजे.

मग असं शिकवणं तपासायचं कसं? अमेरिकेत बालशिक्षणाच्या पदवी अभ्यासक्रमांना मानांकन देणारी एक जुनी संस्था आहे.  तिची एक पद्धत मला घेण्यासारखी वाटते. ती महाविद्यालयाकडे विद्यार्थिनींच्या प्रत्यक्ष कामाचे पुरावे मागते: मुलांचं निरीक्षण कसं लिहिलं, खेळ कसे आखले, त्यातून मुलांना काय मिळालं. संस्थेचा दर्जा तिथल्या शिकणाऱ्या बाईच्या कामावरून ठरतो.

आपल्याकडे मी एवढंच मागतो. स्वतःची चालती बालवाडी दोन वर्षं नीट चालवल्याशिवाय कुणालाही प्रशिक्षण वर्गाची परवानगी देऊ नये. तपासणीला येणाऱ्या माणसाने कार्यालयात बसू नये; सकाळी मुलं येताना यावं आणि ती घरी जाईपर्यंत थांबावं. त्या वेळी शिकणाऱ्या मुली मुलांशी कशा बोलतात हे ऐकावं. आणि त्या बालवाडीत गरिबाची मुलं आहेत का, हे आधी पाहावं.

अशी मुलं लांब शोधायला नकोत. गेल्या महिन्यात साखर कारखान्याचा हंगाम संपला आणि ऊसतोडीच्या टोळ्या परत गेल्या. त्या होत्या तेव्हा फडाच्या बांधावर, त्यांच्या कोप्यांच्या, म्हणजे झोपड्यांच्या, आजूबाजूला तीन-चार वर्षांची मुलं पाचटात खेळत होती, हे तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. त्यांची बोली वेगळी, त्यांचं घर दर वर्षी हलणारं, त्यांचा दिवस आई पहाटे कोयता घेऊन निघते तेव्हा सुरू होणारा. बालशिक्षिका व्हायला निघालेल्या मुलीची परीक्षा घ्यायला याहून खरी जागा सांगली जिल्ह्यात मिळायची नाही.

या सभेत संस्थाचालक आहेत, कारखान्याशी संबंधित मंडळी आहेत. बालवाडी शिक्षिकांचा वर्ग काढायचं तुमच्यापैकी काहींच्या मनात आहे, हे माझ्या कानावर आलं आहे. जरूर काढा. पण दिवाळीनंतर टोळ्या पुन्हा येतील. त्या आल्या की आधी कोप्यांजवळ एक बालवाडी सुरू करा. ती दोन हंगाम चालवा, आणि मग मान्यतेचा अर्ज भरा.