पाणी देणाऱ्याचे ऋण

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी वक्त्याने संस्थेच्या पूर्वसूरींचे स्मरण करावे, चार गोड शब्द बोलावेत आणि श्रोत्यांना वेळेवर भोजनास मोकळे करावे, असा संकेत आहे. तो मोडण्याचा अपराध आज आम्ही करणार आहोत. आमची उभी हयात पाणीपुरवठ्याच्या कामात गेली. त्यामुळे विषय पाण्याचाच आहे. तो ऐकायला मात्र थोडा कोरडा वाटेल, त्याबद्दल आधीच क्षमा मागून ठेवतो. जगातील धनिक राष्ट्रांवर दरिद्री देशांना शुद्ध पाणी मिळवून देण्याची काही जबाबदारी आहे काय, आणि असल्यास ती कुठवर जाते, हा आजचा प्रश्न आहे.

प्रश्नाचा आवाका ध्यानात यावा म्हणून एकच आकडा सांगतो. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या संयुक्त पाहणीनुसार २०२२ साली जगातील सुमारे २२० कोटी माणसांना घरी, हवे तेव्हा आणि निर्धोक असे पिण्याचे पाणी मिळत नव्हते. म्हणजे चार माणसांमागे एकाहून अधिक. हे चित्र पालटण्याच्या प्रतिज्ञा जुन्याच आहेत. १९७० साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठरविले की, श्रीमंत देशांनी आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाचा ०.७ टक्के हिस्सा मागास देशांच्या विकासासाठी द्यावा. १९७७ साली अर्जेंटिनातील मार देल प्लाता येथे जलपरिषद भरली आणि तिच्या शिफारशीवरून १९८१ ते १९९० हे पेयजलाचे दशक म्हणून पाळले गेले. २८ जुलै २०१० रोजी आमसभेने शुद्ध पाणी हा मानवाचा हक्क असल्याचा ठराव संमत केला. बाजूने १२२ मते पडली, विरोधात एकही नाही. ४१ राष्ट्रे मात्र तटस्थ राहिली. भारताने ठरावाच्या बाजूने मत दिले. तटस्थांत अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, जपान, ऑस्ट्रेलिया अशी सधन राष्ट्रे होती. ०.७ टक्क्यांचे वचन तर मोजक्याच देशांनी पाळले. ब्रिटनने ते गाठले होते, पण २०२१ साली हिस्सा ०.५ टक्क्यांवर आणला आणि २०२५ साली तो आणखी घटविण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी अमेरिकेने आपली परदेशी साहाय्य देणारी मुख्य संस्थाच गुंडाळली.

यावर कोणी म्हणेल, दान हे दात्याच्या मर्जीवर. त्यात जबाबदारीची भाषा कशाला? याचे उत्तर इतिहासात आहे, आणि त्यातील काही पाने आपल्या या बंगालच्याच भूमीवर लिहिली गेली आहेत.

१८१७ साली जेसोरच्या परिसरातून पटकीची जी साथ उठली ती व्यापाराच्या आणि सैन्याच्या वाटांनी पसरत गेली. पुढच्या लाटेत, १८३२ च्या सुमारास, तीच व्याधी लंडनच्या दारात उभी राहिली. १८५४ साली डॉ. जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाचा आणि घरोघरच्या मृत्यूंचा संबंध दाखवून दिला आणि त्या पंपाचा दांडा काढून घेण्यात आला. १८८४ साली रॉबर्ट कॉख यांनी पटकीच्या जंतूचा शोध पुरा केला तो कलकत्त्यात. येथील एका तळ्याच्या पाण्यातही त्यांना तो सापडला. पुढे १९५९ साली डॉ. शंभुनाथ डे यांनी पटकीच्या विषाचे स्वरूप याच नगरीत उलगडले. १९७१ साली निर्वासितांच्या लोंढ्यात डॉ. दिलीप महालनबीस यांनी बनगावच्या छावणीत मीठ-साखरेच्या पाण्याने असंख्य प्राण वाचविले. तात्पर्य, पाश्चात्त्य नगरे निर्मळ झाली ती काही तेथील लोक जन्मतः स्वच्छताप्रिय होते म्हणून नव्हे. भीतीने ती जागी झाली, सार्वजनिक पैशाने त्यांनी नळ आणि गटारे बांधली, आणि त्या विद्येतील पुष्कळसा भाग अशा देशांच्या दुःखातून मिळाला जे आजही तहानलेले आहेत. विद्येचे ऋण असते, हे मराठी माणसाला शिकवावे लागत नाही.

आता साहाय्य नीट झाले म्हणजे काय घडते, याचे एक उदाहरण आपल्या घरचेच आहे. खेडेगावात ज्याला आपण हापसा म्हणतो, त्याची ही कथा आहे. १९६६-६७ च्या बिहारच्या दुष्काळापासून युनिसेफने कठीण खडकात छिद्रे पाडणारी यंत्रे आपल्या देशात आणली. विंधणविहिरी झाल्या, पाणी लागले. परंतु त्यांवर बसविलेले बिडाचे पंप हे मुळात युरोप-अमेरिकेतील शेतकरी कुटुंबांसाठी घडविलेल्या पंपांच्या नकला होत्या. एका घराने दिवसातून चार वेळा चालवावयाचा पंप येथे सारे गाव पहाटेपासून रात्रीपर्यंत हापशीत होते. तो टिकावा कसा? १९७० च्या दशकाच्या मध्यास पाहणी झाली तेव्हा बहुतांश पंप बंद पडलेले आढळले. खाली पाणी आणि वर मोडका दांडा, असे ते दृश्य आम्ही तरुणपणी स्वतः पाहिले आहे.

तोड निघाली ती महाराष्ट्रात. जालन्यातील स्कॉटिश मिशनने आणि सोलापुरात विहिरींचे काम करणाऱ्या एका स्वीडिश कारागिराने दख्खनच्या काळ्या पाषाणाशी आणि गावकऱ्यांच्या हातांशी झुंजून पोलादी पंप घडविले. सोलापूरच्या पंपाचा दांडा एकाच आसावर फिरत असे आणि साखळीने सळई सरळ उचलीत असे. त्यामुळे झीज फारच कमी होई. हाच नमुना पुढे ठेवून भारत सरकार, युनिसेफ आणि आपले अभियंते यांनी ‘इंडिया मार्क दोन’ हा पंप सिद्ध केला. तो कोइमतूरकडील खेड्यांत कसोटीला लावला, मद्रासच्या कारखान्यात बनविला, त्याची मानके ठरविली, आणि तो पुढे आफ्रिकेतील कितीतरी देशांत गेला. येथे पैसा परक्यांचा होता, काही हातही परक्यांचे होते. परंतु वस्तू येथील गरजेतून जन्मली, येथील साध्या कारखान्यात बनू शकली आणि तिची दुरुस्ती येथला माणूस शिकला. साहाय्याचा हा आदर्श आम्ही मानतो.

दुसरे उदाहरण सांगताना मात्र जीभ जड होते. आपले मंडळ स्थापन झाले त्याच दशकात सीमेपलीकडे, नवजात बांगलादेशात, युनिसेफ आणि इतर दात्यांच्या साहाय्याने गावोगाव कूपनलिका खोदल्या जात होत्या. हेतू उदात्त होता. तळ्यांचे पाणी पिऊन लेकरे अतिसाराने दगावत होती. भूगर्भातील पाणी जंतुरहित होते. लोकांनी ते आनंदाने स्वीकारले, पुढे स्वतःच्या पैशानेही लाखो नळ्या गाडल्या, आणि काही वर्षांत जवळजवळ सारा देश ते पाणी पिऊ लागला. परंतु हिमालयातून वाहून आलेल्या गाळात आर्सेनिक, म्हणजे आपल्या जुन्या वैद्यकातील सोमल, दडलेला होता. जमिनीखाली प्राणवायूचा अभाव असलेल्या थरांत तो लोहाच्या कणांपासून सुटतो आणि पाण्यात मिसळतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. वर्षानुवर्षे ते पाणी पोटात गेले की तळहात-तळपाय खरबरीत होतात, अंगावर काळे ठिपके उठतात आणि पुढे कर्करोग गाठतो.

१९८३ साली येथील उष्णकटिबंधीय रोगांच्या शिक्षणसंस्थेत डॉ. के. सी. साहा यांनी पश्चिम बंगालच्या खेडुतांच्या त्वचेवर या विषाची खूण ओळखली. बांगलादेशातील पाण्यात ते आहे, हे अधिकृतपणे आढळले १९९३ साली. मध्ये दहा वर्षे गेली. १९९२ साली ब्रिटिश भूगर्भ-सर्वेक्षण संस्थेने, ब्रिटनच्या परदेश-साहाय्याच्या पैशातून, तेथील काही कूपनलिकांचे पाणी तपासले होते. अनेक द्रव्ये शोधली. आर्सेनिक शोधले नाही. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत तज्ज्ञांनी लिहिले की, इतिहासातील ही सर्वांत मोठी सामूहिक विषबाधा होय, आणि साडेतीन कोटी ते सात कोटी सत्तर लाख लोकांना तिचा धोका आहे.

त्या देशातील एका पीडित ग्रामस्थाने लंडनच्या न्यायालयात दाद मागितली. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले आणि २००६ साली फेटाळले गेले. त्या पाणीपुरवठ्यावर सर्वेक्षण संस्थेचे काही नियंत्रण नव्हते, म्हणून त्या ग्रामस्थांप्रत तिचे कायदेशीर कर्तव्य निर्माण होत नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. कायद्याच्या दृष्टीने तो निर्णय योग्यही असेल. आम्ही कायदेपंडित नाही. परंतु आमच्या मनातून एक प्रश्न जात नाही. पैसा दात्याचा, शास्त्रज्ञ दात्याचे, आराखडा दात्याच्या सल्ल्याचा, उद्घाटनाच्या फलकावर नाव दात्याचे. आणि पाणी विषारी निघाले की जबाबदारी तेवढी कोणाचीच नाही, हे कसे? विहीर खणणाऱ्याने पाण्याची जबाबदारी घ्यावी, एवढा साधा धर्म आपल्या खेड्यातला पाथरवटही जाणतो.

म्हणून आम्ही म्हणतो की, सधन राष्ट्रांची जबाबदारी पैसा देण्याने संपत नाही. तेथे ती सुरू होते. तिची तीन अंगे आम्हांस दिसतात. पहिले तपासणीचे. पाणी देण्यापूर्वी ते पारखावे आणि दिल्यावरही पारखत राहावे. बांगलादेशात २००० नंतर सुमारे ५० लाख कूपनलिका तपासून त्यांच्या तोट्या हिरव्या आणि लाल रंगविल्या गेल्या. जवळजवळ १४ लाखांवर लाल रंग चढला. काम स्तुत्य होते, परंतु मोहीम संपली, रंग उडाले आणि नव्या नळ्या तपासणीविनाच गाडल्या जात राहिल्या. दुसरे अंग टिकून राहण्याचे. आफ्रिकेत कोणत्याही वेळी सुमारे एक तृतीयांश हातपंप बंद असतात असा अंदाज केला गेला आहे, कारण पंप बसविण्यास दाता मिळतो. वॉशर बदलण्यास मिळत नाही. तिसरे अंग स्वतःच्या वर्तनाचे. २००९ साली ‘आयला’ वादळाने सुंदरबनात खारे पाणी घुसले आणि गोड्या पाण्याची तळी नासली. समुद्र चढतो आहे तो ज्यांच्या धुराने, त्यांत सुंदरबनच्या कोळ्याचा वाटा किती? २०२२ साली इजिप्तमधील परिषदेत अशा हानीच्या भरपाईसाठी निधी उभारण्याचे ठरले. त्यात पडणारा पैसा दान नव्हे. ती परतफेड आहे.

आक्षेपही ऐकले पाहिजेत. साहाय्याचा पैसा वाटेत झिरपतो, असे म्हणतात. ते खोटे नाही. २०१६ साली ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने दाखविले की, बांगलादेशात सरकारी खोल कूपनलिका पुष्कळदा गरजूंच्या वस्तीऐवजी राजकीय वशिल्याच्या अंगणात बसविल्या गेल्या. हा दोष तेथील सत्ताधाऱ्यांचा आहे आणि तो परक्यांच्या माथी मारता येणार नाही. परंतु वाटेत पाणी गळते म्हणून कोणी नळ बंद करीत नाही, गळती शोधतो. दुसरा आक्षेप असा की, आधी प्रत्येकाने आपले घर पाहावे. हा आक्षेप आम्ही मान्य करतो आणि म्हणूनच शेवटी आपल्या घराकडे वळतो.

कोलकात्यात बसून लंडन-वॉशिंग्टनला धडे देणे सोपे आहे. पण सियालदहहून लोकल गाडीत बसले की तास-दीड तासात आपण उत्तर चोवीस परगण्यातील अशा गावांत पोहोचतो, जेथे हे विष आजही पाण्यात आहे. त्या गावांच्या दृष्टीने श्रीमंत राष्ट्र कोण? तोटी फिरवताच शुद्ध केलेले पाणी ज्यांना मिळते, ते आपण. पन्नास वर्षे या भूमीने आपल्याला पाणी पाजले, गणपतीला मांडव दिला, मुलांना शाळा दिल्या. त्याचे देणे आपल्यावर आहे.

मंडळाच्या महोत्सवी निधीतून एखाद्या गावाला कूपनलिका देऊन तिच्यावर नाव कोरावे, अशी एक सूचना कार्यकारिणीपुढे आल्याचे कळते. सूचना करणाऱ्यांच्या सद्भावनेविषयी आम्हांस पूर्ण आदर आहे. तरीही आमची विनंती निराळी आहे. नवी नळी गाडू नका. त्याऐवजी एखादे गाव निवडा. तेथील असलेल्या नळ्यांच्या पाण्याची मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून दरवर्षी तपासणी करून घ्या. निष्कर्ष गावकऱ्यांना त्यांच्या बंगालीत समजावून सांगा. कोणती तोटी प्यायची आणि कोणती केवळ धुण्याची, हे ठळक रंगवा. उडालेला रंग पुढल्या वर्षी पुन्हा द्या. आणि हे एक वर्ष नव्हे, किमान दहा वर्षे करा. या कामाला फलक लागणार नाही, छायाचित्रही फारसे चांगले येणार नाही. पण ज्या दिवशी आपण ते दहाव्या वर्षी करीत असू, त्या दिवशी धनिक राष्ट्रांना त्यांची जबाबदारी सांगण्याचा अधिकार आपल्याला खऱ्या अर्थाने प्राप्त होईल.