चेल्सीची फुले आणि टीव्हीचा डोळा
(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्हाला आज बोलायला सांगितले आहे फुलांवर. झेंडू-शेवंतीवर नाही, लंडनच्या फुलांवर. मागच्या रांगेत दोघा-तिघांनी लगेच चंची सोडली, ते इथून दिसते आहे. सोडा, तंबाखू मळता मळताही ऐकता येते. ज्याच्या विहिरीला मार्चनंतर पाणी नाही, त्याने साता समुद्रापलीकडच्या बागेची उठाठेव कशाला करायची, असे कुणी विचारले तर तो प्रश्न रास्तच आहे. पण ते प्रदर्शन आता आपल्या गावात येऊन पोचले आहे. पोरांच्या मोबाइलवर त्याचे तुकडे फिरतात. आणि बियाण्याच्या प्लॉटवर पिकाचा देखावा मांडण्याची जी रीत आपण दरवर्षी पाहतो, ती याच जातकुळीची आहे. देखावा उभा कसा राहतो ते एकदा नीट पाहू.

लंडनमध्ये चेल्सी नावाचा भाग आहे. तिथे म्हाताऱ्या, निवृत्त सैनिकांसाठी १६८२ साली स्थापन झालेले रॉयल हॉस्पिटल आहे. त्याच्या आवारात, सुमारे ११ एकरांत, रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी १९१३ पासून मे महिन्यात फुलांचे प्रदर्शन भरवते. ही संस्था १८०४ सालची. दोन महायुद्धांत काही वर्षे प्रदर्शन बंद राहिले. २०२० मध्ये कोरोनामुळे भरले नाही आणि २०२१ मध्ये एकदाच सप्टेंबरमध्ये भरले. पाच दिवसांत दीड लाखाच्या आसपास माणसे ते पाहतात. बाकीचा देश पाहतो टीव्हीवर. बीबीसी तो आठवडाभर रोज कार्यक्रम दाखवते. अॅलन टिचमार्श यांनी २०१३ पर्यंत ते काम केले, पुढच्या वर्षापासून मॉंटी डॉन पुढे आले. टिचमार्श हे पंधराव्या वर्षी रोपवाटिकेत उमेदवारी केलेले गडी. हात मातीत घातलेला माणूस मातीवर बोलतो तेव्हा फरक पडतो. आपल्याकडच्या वाहिन्यांनी एवढे तरी उचलावे.

आता टीव्हीवर काय दिसते? सोमवारी राजघराण्यातली मंडळी येतात. मंगळवारी सकाळी पदकांची कार्डे वाटली जातात. बाग मांडणारा कार्ड उघडतो, रडतो किंवा हसतो, आणि कॅमेरा अगदी त्याच्या डोळ्यांजवळ असतो. मागे तळे, दगडी वाट, त्या वाटेवर एकही वाळलेले पान नाही. पाहणाऱ्याला वाटते, ही बाग इथे वर्षानुवर्षे आहे.

ती तिथे वर्षानुवर्षे नसते. महिन्यापूर्वी तिथे हिरवळ असते. सुमारे तीन आठवड्यांत माती आणून टाकतात, क्रेनने मोठी झाडे उतरवतात, भिंती रचतात. पुष्कळशी रोपे तर कुंडीसकट पुरलेली असतात, काठ मातीने झाकतात एवढेच. प्रदर्शन संपले की सगळे उचलायचे आणि आवार पुन्हा होते तसे करून द्यायचे. अलीकडे त्या बागा शाळेत, इस्पितळात कायमच्या हलवण्याचा आग्रह धरतात, हे चांगले झाले. पण मोठ्या बागेचा खर्च लाखो पौंडांत जातो, आणि टीव्हीवर ती उभी असते पाच दिवस.

रोपवाटिकेवाल्यांची कसरत तर ऐकण्यासारखी आहे. डॅफोडिल हे तिकडे मार्च-एप्रिलचे फूल. ते मेअखेर दाखवायचे तर कंद शीतगृहात ठेवून उशिरा लावायचे. डेल्फिनियमचा उंच निळा तुरा जून-जुलैचा. तो मे महिन्यात हवा तर त्याला काचघरात ऊब देऊन घाई करायची. एकाला झोपवायचे, एकाला उठवायचे, आणि दोघांना एकाच मंगळवारी हजर करायचे. कळी उघडत नसेल तर केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा देणारेही आहेत. पाकळ्या प्रवासात चुरगळू नयेत म्हणून मध्ये कापसाचे बोळे ठेवतात. कापसाला एवढा मान आम्ही कोणत्याच जिनिंगमध्ये पाहिला नाही. यात फसवणूक नाही, हे मात्र स्पष्ट सांगायला हवे. हे फार मोठे कसब आहे. वेल्समधल्या अँगलसी बेटावरचे मेडविन विल्यम्स हे गृहस्थ भाज्या मांडतात. त्यांचे गाजर, कांदे, फ्लॉवर पाहिले तर आपला बाजारातला माणूस हात लावायला कचरेल. त्यांना दहाहून जास्त सुवर्णपदके मिळाली आहेत. पण विल्यम्स ते गाजर दर किलो खर्च काढून पिकवत नाहीत. एकेका नगाच्या रूपासाठी पिकवतात. कॅमेरा गाजर दाखवतो, त्याच्या मागचा हिशेब दाखवत नाही.

पदकांचीही एक गंमत आहे. तिथे पहिला-दुसरा-तिसरा असे नसते. सुवर्ण, रजतावर सोन्याचा मुलामा, रजत, कांस्य अशा पायऱ्या असतात, आणि त्या पायरीला पोचलेल्या सगळ्यांना ते पदक. मांडणाऱ्याने आधी लिहून दिलेले असते की मी अमुक दाखवणार आहे. पंच ते लिहिणे हातात घेऊन तपासतात की बोलला तसे केले का. ही पद्धत आम्हाला पटली. आधी लिहून द्यायचे आणि नंतर त्यावरच तपासून घ्यायचे, असे आपल्याकडे किती जण कबूल होतील?

बीबीसीवर जाहिराती नसतात, तिचा खर्च लोकांच्या परवाना शुल्कातून चालतो. मग जो लाखो पौंड घालतो त्याला काय मिळते? बागेला त्याचे नाव मिळते. २०१६ ची सर्वोत्तम बाग होती ‘टेलिग्राफ गार्डन’, म्हणजे एका वर्तमानपत्राच्या नावाची. २०१९ ची सर्वोत्तम होती ‘एम अँड जी गार्डन’, म्हणजे पैसे गुंतवणाऱ्या कंपनीच्या नावाची. मांडणारा दोन्ही वेळा एकच, अँडी स्टर्जन. निवेदक जितक्या वेळा बागेचे कौतुक करील तितक्या वेळा कंपनीचे नाव घेईल. जाहिरात नाही, फक्त नाव! खताच्या पोत्यावर देवाचे चित्र छापणाऱ्यांना हे शिकवायला नको.

२०१८ मध्ये भारताच्या नावाची बागही तिथे होती. ब्रिटिश कौन्सिलने मांडवली, सारा एबर्ली यांनी रचली. विषय कोणता? क्रिकेट. शंभर कोटींच्या देशाची बाग करायची तर पिकाआधी क्रिकेट आठवते. यात त्यांचा दोष कमी, आपण जगाला काय दाखवतो त्याचा जास्त. कारण पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, कॅमफेड या आफ्रिकेतल्या मुलींच्या शिक्षणाचे काम करणाऱ्या संस्थेची बाग तिथे होती. झिम्बाब्वेतल्या खेड्यातली शाळेची खोली, भोवती तांबडी माती आणि त्या मातीत खायची पिके. जिलेन रिकर्ड्स यांच्या त्या बागेला सुवर्णपदक मिळाले, आणि टीव्ही पाहणाऱ्यांच्या मतांचे बक्षीसही. म्हणजे शहरातल्या माणसाला शेत पाहायला आवडत नाही ही समजूत खोटी आहे.

२०२२ ची सर्वोत्तम बाग तर तणाची होती. बीव्हर नावाचा प्राणी ओढ्यावर काटक्यांचा बांध घालतो, त्या बांधाभोवती आपोआप जे उगवते ते ते त्यांनी मांडले होते. ही बाग म्हणायची की पडीक रान, यावर तिकडे मोठा वाद झाला. आम्ही काही त्या वादात पडत नाही. निंदणीची मजुरी देऊन ज्यांची कंबर मोडली आहे त्यांना तणाला मिळालेले सुवर्णपदक दाखवायला आमची हिंमत होत नाही, एवढेच. बाजरीचेही असेच. तिची जांभळ्या पानांची एक जात ‘पर्पल मॅजेस्टी’ या नावाने शोभेचे झाड म्हणून निघाली, आणि २००३ मध्ये तिला अमेरिकेत नव्या वाणांचे सुवर्णपदक मिळाले. भाकरीची बाजरी दारातल्या कुंडीत शोभेला!

आता ज्या बाईंसाठी आम्ही हा विषय घेतला त्यांच्याकडे येतो. बेथ चॅटो. इंग्लंडच्या पूर्वेला एसेक्स परगणा आहे, तो त्या देशातला सर्वांत कोरड्या भागांपैकी एक. पाऊस वर्षाला सुमारे २० इंच, म्हणजे ५०० मिलिमीटर. आपल्या सोलापूर-नगरकडच्या माणसाला हा आकडा ओळखीचा वाटेल. त्यांचे यजमान फळबागायतदार. शेतीच्या कामाची नसलेली पडीक जमीन होती तिच्यावर १९६० मध्ये चॅटोबाईंनी बाग सुरू केली. १९७७ पासून चेल्सीत जायला लागल्या आणि दहा सुवर्णपदके घेऊन थांबल्या. इतर जण भडक रंगांचे ढीग मांडत, या मांडत साधी, रानटी वळणाची झाडे, पानांचे आकार पाहावेत अशी. त्यांना तण म्हणणारेही होते.

पण खरे काम पुढचे आहे. १९९१-९२ मध्ये त्यांनी आपली जुनी मोटारी उभ्या करायची जागा बागेसाठी घेतली. खाली वाळू आणि गोटे, वर गाड्यांनी घट्ट केलेली. त्यांनी आधी ती जमीन खोल फोडून घेतली, कुजलेले खत भरले, रोपे लावली आणि वर बारीक खडीचे आच्छादन टाकले. मग ठरवले की या बागेला पाणी द्यायचे नाही. कोरड्या साली, पाइपने पाणी द्यायला बंदी असते तेव्हा झाडांचे काय होते ते लोकांना दिसावे, एवढाच हेतू. जे झाड मूळ कोणत्या मुलखातले, तिथे पाऊस किती, माती कोणती, हे पाहून निवड केलेली. काही मेली. मेली ती पुन्हा लावली नाहीत. बाई २०१८ मध्ये गेल्या, बाग आजही आहे आणि अजून पाण्यावाचून आहे.

फरक आहेतच. त्यांचा पाऊस बारा महिने थोडा थोडा पडतो, आपला बहुतेक सगळा चार महिन्यांत, तोही मध्ये तीन-तीन आठवडे दडी मारून. त्यांना मे महिन्यातले आपले ४२ अंश ठाऊक नाहीत. आणि झाड जगले की त्यांचे काम झाले, आपल्याला बोंड भरावे लागते. पण शाळू पेरणारा माणूस चॅटोबाईंचे बोलणे एका वाक्यात समजेल. मागच्या पावसाची ओल काळ्या जमिनीत धरून ठेवायची, वर भेगा पडू नयेत म्हणून कोळपे फिरवत राहायचे, आणि त्या ओलीवर पीक काढायचे. पाण्याचा ताण बसला की पाने गुंडाळून थांबणारे आणि पाऊस आला की पुन्हा हलणारे ज्वारीसारखे पीक तिकडे असते तर बाईंनी ते नक्की मांडले असते.

चेल्सीच्या चार दिवसांच्या फुलाला कॅमेरे रोज येतात. तीस वर्षे पाण्यावाचून उभ्या राहिलेल्या बागेला कधीतरी एकदा येतात. कारण तिथे मंगळवार सकाळ नाही. तिथे दर पंधरा दिवसांनी थोडे बदलते, आणि तेवढे थांबायला टीव्हीला वेळ नाही. आपल्याकडे कृषिदर्शन १९६७ पासून आहे, डीडी किसान वाहिनी २०१५ मध्ये आली. त्यातही पुष्कळदा दिसतो तो पीक हाती आल्यावरचा हसरा शेतकरी. दुबार पेरणीचा आठवडा क्वचितच दिसतो.

हेच आपल्या जिल्ह्याच्या कृषी प्रदर्शनात होते. प्रात्यक्षिक प्लॉटवर झाडाला बोंडे मोजून दाखवतात. प्लॉटला ठिबक असते, विद्राव्य खत रोज थोडे थोडे जाते, कडेचा मजूर दिवसभर किडकी पाने खुडतो. मागच्या हंगामात असा प्लॉट पाहून आमच्याच ओळखीच्या एकाने चार एकरांना पुरेल एवढी पाकिटे घेतली. त्याच्या हलक्या, कोरडवाहू रानात ऑगस्टमध्ये पाऊस थांबला आणि ते वाण तग धरू शकले नाही. वाण वाईट होते असे आम्ही म्हणत नाही. ते बागायती रानाचे होते, आणि तशी पाटी तिथे नव्हती. तेव्हा प्लॉटवर गेलात की बोंडे नंतर मोजा. आधी पेरणीची तारीख विचारा, पाणी किती वेळा दिले ते विचारा, जमिनीची खोली किती ते विचारा, आणि एकरी खर्च लिहून मागा. न देईल त्याचे नाव वहीत लिहा.

शिवाय एक काम आपल्या हातातले आहे. येत्या खरिपात प्रत्येक तालुक्यातून एका कोरडवाहू शेताची, कापूस असो की ज्वारी, पंधरा दिवसांतून एकदा मोबाइलवर चित्रफीत घ्यायची. जागा तीच, बांधावरचा खुंट तोच. शेजारी पाटी: पेरणीची तारीख, आतापर्यंतचा पाऊस, आतापर्यंतचा खर्च. पीक मेले तरी घेणे थांबवायचे नाही. ज्यांच्या गावात पर्जन्यमापक आहे किंवा जे सरळ काठाच्या डब्यात पट्टी घालून रोज पाऊस मोजायला तयार आहेत, त्यांनी जेवणाच्या सुट्टीत दाराजवळच्या टेबलावर नाव आणि गट नंबर लिहून द्यावा.