संस्कृतच्या उच्च शिक्षणाचा 'अधिकारी' कोण?

(संस्कृत दिनानिमित्त सांगली येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



अशा कार्यक्रमानंतर कुणीतरी पालक मला बाजूला घेऊन हमखास एक प्रश्न विचारतात. 'मुलगी बी.एस्सी. झाली. आता संस्कृतमध्ये एम.ए. करायचे म्हणते. प्रवेश मिळेल का?' आवाजात थोडी काळजी असते, थोडा अभिमानही असतो. आज त्या प्रश्नाचेच उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

नियमांपुरते उत्तर लहान आहे. काही विद्यापीठांना संस्कृत घेऊन झालेली बी.ए. लागते, तर काही ठिकाणी कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. पाठशाळेच्या मार्गाने जायचे असेल तर आधी शास्त्री आणि मग आचार्य असा क्रम आहे. रामटेकच्या कविकुलगुरू कालिदास विद्यापीठामुळे १९९७ पासून महाराष्ट्रालाही संस्कृतचे स्वतंत्र विद्यापीठ लाभले आहे. पुढे प्राध्यापक होण्यासाठी 'नेट' द्यायची, तर खुल्या गटासाठी एम.ए.ला पंचावन्न टक्के लागतात. तेथेही संस्कृत आणि संस्कृतचे पारंपरिक विषय अशा दोन निराळ्या परीक्षा आहेत. ज्या विद्यापीठात जायचे, त्याचे त्या वर्षीचे माहितीपत्रक स्वतः वाचावे, ऐकीव माहितीवर विसंबू नये, एवढीच माझी सूचना.

परंतु नियमात बसणे आणि शास्त्र शिकण्यास पात्र असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या ग्रंथकारांना हे पक्के ठाऊक होते. विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी हे अनुबंधचतुष्टय सांगितल्याशिवाय शास्त्रग्रंथाला हात घालू नये, अशी रीत होती. अधिकारी म्हणजे तो ग्रंथ समजून घेण्याची तयारी झालेला विद्यार्थी. (आज अधिकारी म्हटले की आपल्याला तहसील कचेरी आठवते, तो भाग निराळा!)

या अधिकाराची उत्तम उदाहरणे शोधायला आपल्याला काशीला जावे लागत नाही. ती सातारा जिल्ह्यातच आहेत. १९१६ साली इंटरच्या परीक्षेला मुंबईस निघालेला एक तरुण वाटेत सुरतेला उतरला आणि काशीला गेला. त्याने परीक्षा सोडली ती कायमचीच. दुसऱ्याच वर्षी, १९१७ मध्ये, हाच तरुण गांधीजींची रजा घेऊन वाईला आला आणि नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी वेदान्ताचे अध्ययन करू लागला. हे विनोबा. आजच्या अर्जातील 'पदवीचे वर्ष' हा रकाना त्यांना भरता आला नसता. लक्ष्मणशास्त्री जोशी धुळे जिल्ह्यातील पिंपळनेरहून कोवळ्या वयात याच प्राज्ञपाठशाळेत आले, शिकले आणि १९२३ मध्ये कलकत्त्याची 'तर्कतीर्थ' ही परीक्षा उत्तीर्ण झाले. त्यांच्या धर्मकोशापासून मराठी विश्वकोशापर्यंतच्या कार्याला वाईची ती पाठशाळा पुरली. नारायणशास्त्री पुढे स्वामी केवलानंद सरस्वती झाले. सात खंडांचा मीमांसाकोश त्यांचाच.

आता औंधकडे वळू. पंडित सातवळेकर मूळचे चित्रकार. मुंबईच्या कलाशाळेतून ते बाहेर पडले आणि चित्रे काढून संसार चालवला. विद्यापीठाची संस्कृतची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. औंधला स्वाध्याय मंडळ उभारून त्यांनी वेदसंहितांच्या शुद्ध आवृत्त्या काढल्या आणि 'संस्कृत स्वयंशिक्षक' लिहून दुकानदार, कारकून व गृहिणींनाही घरबसल्या संस्कृत शिकवले. संघकार्याशीही त्यांचे घनिष्ठ नाते होते.

येथपर्यंत ऐकताना आपल्याला बरे वाटले असेल. आता ऐकायला बरे न वाटणारे सांगतो.

७ नोव्हेंबर १९०० या दिवशी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, एका सुभेदाराच्या मुलाचे नाव दाखल झाले. २०१७ पासून महाराष्ट्र शासन हा दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळते. हाच मुलगा पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात गेला. संस्कृत शिकण्याची त्याची इच्छा होती, परंतु अस्पृश्य म्हणून त्याला संस्कृत नाकारले गेले आणि निरुपायाने फारसी घ्यावी लागली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही हकीकत स्वतःच सांगितली आहे. ज्या मुलाने पुढे स्वतःच्या हिमतीवर संस्कृत ग्रंथ वाचले, त्याच्यात कोणती पात्रता कमी होती? गुण? बुद्धी? चिकाटी? 'अधिकार' या शास्त्रीय शब्दाचा आपल्याच माणसांनी जन्माच्या दाखल्यासारखा वापर केला. विधर्मी शासकांनी वा इंग्रजांनी केले असे म्हणून हात झटकता येणार नाहीत. आणि तरीही सप्टेंबर १९४९ मध्ये संस्कृत ही राजभाषा व्हावी या सूचनेला पाठिंबा देणाऱ्यांत बाबासाहेब होते. संस्कृतप्रेमाचे व्यासपीठावरून गुणगान करणाऱ्या प्रत्येकाने हे दोन प्रसंग एका वेळी मनात धरावेत, अशी माझी अपेक्षा आहे.

आज तसे कुणी म्हणत नाही. पण वाट दुसऱ्या तऱ्हेने अडते. आठवीत मूल संस्कृत घेते. संपूर्ण घ्यायचे की पन्नास गुणांचे संयुक्त, याचा खल घरोघरी होतो आणि निर्णय 'टक्केवारी वाढते' यावर होतो. दहावीला शंभरपैकी शंभर पडतात, पेढे वाटले जातात आणि अकरावीला विषय सुटतो. पाच वर्षांनी तीच मुलगी एम.ए.च्या दारात उभी राहते, तेव्हा तिच्या गाठीला उरलेली असते 'देव' शब्दाची विभक्ती. विद्यापीठाने प्रवेश दिला तरी रघुवंश तिला प्रवेश देत नाही!

मग अनेकजण भाषांतरावर भागवतात. उत्तरे मराठीत वा इंग्रजीत लिहिण्याची सवलत असते, अपेक्षित प्रश्नसंच बाजारात मिळतात. एक न पाहिलेले वाक्य स्वतः उलगडता न येणारा एम.ए. मी पाहिला आहे. मला त्याचा राग आला नाही, वाईट वाटले.

परदेशात ग्रीक-लॅटिनचीही हीच अडचण आहे. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाने २०२१ मध्ये पदवीच्या पातळीवर या भाषांची अटच काढून टाकली. केंब्रिजने निराळे केले. शाळेत लॅटिन न झालेल्या मुलांसाठी तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाआधी एक वर्ष जोडून तो चार वर्षांचा केला. मला दुसरा मार्ग पटतो. अट काढली तर विद्यार्थी आत येतो, पण ग्रंथाबाहेरच राहतो.

तेव्हा बी.एस्सी. झालेल्या त्या मुलीला माझे सांगणे असे की, एक वर्ष स्वतःला दे. संस्कृत भारतीचा दहा दिवसांचा संभाषण वर्ग कर. त्याने भीड मोडेल, व्याकरण मात्र येणार नाही. शब्दरूपे व धातुरूपे पाठ कर, त्याला पर्याय नाही. पंचतंत्रातील गोष्टी भाषांतर न पाहता वाच, मग रघुवंशाचे दोन सर्ग, आणि विज्ञानाची मुलगी आहेस म्हणून तर्कसंग्रह. तो तुला इतरांपेक्षा लवकर कळेल.

आणि पालकहो, आपल्या सांगलीने कालिदास व शूद्रक नाट्यगृहात बसून ऐकले आहेत. हरिपूरच्या देवलांचे 'मृच्छकटिक' पाहायला कुणी पात्रतेचा दाखला मागितला नव्हता. 'संस्कृत घेऊन पुढे काय?' हा प्रश्न जरूर विचारा, नोकरीची चिंता खोटी नाही. फक्त तो अकरावीचा अर्ज भरण्यापूर्वी मुलीच्या समोर बसून विचारा.

येत्या गुरुवारपासून सायंकाळी सहा वाजता आम्ही प्रौढांसाठी व्याकरणाचा वर्ग सुरू करीत आहोत. नावनोंदणीच्या कागदावर वय, जात वा शिक्षण यांचे रकाने नाहीत. रोज एक तास देणार का, एवढेच विचारले आहे. कागद बाहेर, पादत्राणांच्या शेजारच्या टेबलावर ठेवला आहे.