जोसेफ राउंट्री : दान आणि दूरदृष्टी
(महाजनांच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



किटकॅट या नावाने घरोघरी ठाऊक झालेले चॉकलेट १९३५ साली इंग्लंडातील यॉर्क नगरीत राउंट्री घराण्याच्या कारखान्यात प्रथम निघाले. त्या कारखान्याला ऊर्जितावस्था आणणारे जोसेफ राउंट्री त्यापूर्वी दहा वर्षे निवर्तले होते. पुढे १९८८ साली ही पेढी स्विस कंपनी नेस्लेने विकत घेतली आणि घराण्याचा व्यापार संपला. मात्र जोसेफ यांनी स्थापलेले धर्मादाय निधी आजही कार्य करीत आहेत. व्यापाराहून दान अधिक टिकले, ते कशाच्या बळावर, हा आजच्या विवेचनाचा विषय होय.

जोसेफ यांचा जन्म १८३६ साली यॉर्क येथे झाला. वडिलांचे किराणा मालाचे दुकान होते. चहा, साखर, कॉफी तोलण्यात मुलांचे बालपण गेले. कुटुंब क्वेकर पंथाचे. या पंथात पुरोहित नाही, मूर्ती नाही. अनुयायी एकत्र जमून स्तब्ध बसतात, हीच त्यांची उपासना. शपथ घ्यावयाची नाही, शस्त्र धरावयाचे नाही, मालाची किंमत एकच सांगावयाची, असा त्यांचा आचार. ऑक्सफर्ड-केंब्रिजची दारे त्यांना दीर्घकाळ बंद असल्यामुळे त्यांतील अनेक बुद्धिमान माणसे व्यापाराकडे वळली. १८५० साली चौदा वर्षांच्या जोसेफला वडिलांनी आयर्लंडला नेले. तेथे बटाट्याच्या दुष्काळाने माणसांची झालेली दैना त्याने डोळ्यांनी पाहिली. तो संस्कार जन्मभर पुसला गेला नाही.

धाकटे बंधू हेन्री यांनी १८६२ साली एक कोकोचा कारखाना घेतला होता. त्यांचा पिंड व्यापाऱ्याचा नव्हता. हिशेब विस्कळीत झाले, पेढी बुडण्याच्या बेतास आली, तेव्हा १८६९ साली जोसेफ किराणा दुकान सोडून बंधूच्या साहाय्यास धावले. त्यांनी वह्या नीट लावल्या आणि पैन् पैचा हिशेब ठेवला. १८८१ साली एका फ्रेंच कारागिराच्या मदतीने फळांच्या रसाच्या गोळ्या बाजारात आणल्या, त्यांनी पेढी सावरली. १८८३ मध्ये हेन्री वारले आणि सारा भार जोसेफ यांच्यावर पडला. सुमारे तीस कामगारांची पेढी विसाव्या शतकाच्या आरंभी हजारोंची झाली.

जोसेफ यांना देवपण देण्याचे कारण नाही. पडत्या काळात, १८७२ साली, लंडनला जाऊन प्रतिस्पर्ध्यांचे कसबी कामगार आपल्याकडे ओढण्याचा आणि त्यांच्या कृती मिळविण्याचा उद्योग त्यांनीही केला.

दुसरी गोष्ट गोमंतकीयांना अधिक जवळची आहे. त्या काळी इंग्लंडात येणारा पुष्कळसा कोको सांव तोमे आणि प्रिंसिप या पोर्तुगीज बेटांवर पिके. आपले वाडवडील ज्या राजवटीखाली नांदत होते, त्याच राजवटीत अंगोलातील माणसे ‘कराराचे मजूर’ म्हणून बोटीत भरून त्या बेटांवर नेली जात. करार कागदावर होता. परतीची वाट मात्र जवळपास नव्हती. ही गुलामगिरीच असल्याचे वृत्त येऊ लागल्यावर कॅडबरी, फ्राय आणि राउंट्री या क्वेकर पेढ्यांच्या पाठबळावर १९०५ साली जोसेफ बर्ट नावाचा गृहस्थ चौकशीस गेला. त्याचा अहवाल आला, आणि १९०९ साली या पेढ्यांनी तेथील कोको घेणे बंद केले. निर्णय योग्य होता. पण मधली वर्षे खरेदी चालूच होती, हा आक्षेप त्यांना चुकविता आला नाही. धर्मादायासाठी येणारा पैसा कोणाच्या घामातून येतो, हा प्रश्न दात्याने स्वतःस विचारावा लागतो, हे या प्रकरणाने दाखविले.

आपल्या कामगारांच्या बाबतीत मात्र जोसेफ यांनी विलंब केला नाही. कारखान्यात ग्रंथालय उघडले, १८९६ साली आठ तासांचा दिवस केला, १९०६ साली निवृत्तिवेतनाची योजना सुरू केली. अनेक वर्षे रविवारी सकाळी ते प्रौढांना लिहावयास-वाचावयास शिकवीत.

त्यांचे पुत्र सीबोम यांनी १८९९ मध्ये यॉर्कच्या कष्टकरी वस्तीची घरोघर पाहणी करविली. ११,५६० कुटुंबांची नोंद झाली. १९०१ साली निष्कर्ष ग्रंथरूपाने आले : शहरातील सुमारे २८ टक्के लोक दारिद्र्यात होते. त्यांतील पुष्कळांच्या घरी कर्ता पुरुष नियमित कामावर जात होता. मजुरीच पुरेशी नव्हती. दारिद्र्य आळसातून येते, ही सुखवस्तू लोकांची सोयीची समजूत या आकड्यांनी मोडली.

या पार्श्वभूमीवर १९०४ साली जोसेफ यांनी आपली सुमारे अर्धी संपत्ती तीन निधींना दिली. सोबत विश्वस्तांसाठी एक टिपण लिहून ठेवले. त्याचा मथितार्थ असा : भुकेल्यांना सूप वाटण्यास पैसा सहज जमतो, परंतु लोक भुकेले का राहतात याचा शोध घेण्यास फारसे कोणी देत नाही. म्हणून या निधींनी दुःखाच्या मुळाशी जावे.

एका निधीतून यॉर्कजवळ न्यू इअर्सविक हे गाव वसविण्यात आले. प्रत्येक घराला बाग आणि बागेत दोन फळझाडे. ही घरे केवळ आपल्याच कामगारांसाठी राखलेली नव्हती, आणि ती फुकटही दिली नव्हती. माफक भाडे घेतले जाई. घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, हा त्यामागील विचार.

दुसरी गोष्ट याहूनही महत्त्वाची. दात्याने आपल्या मृत्यूनंतरही पैशावर हात ठेवून बसू नये, असे त्यांचे मत होते. काळ बदलेल, गरजा बदलतील, तेव्हा विश्वस्तांनी स्वतःची बुद्धी चालवावी, अशी मोकळीक त्यांनी दिली. गावाचा निधी कायम ठेवावयाचा होता. उरलेल्या दोहोंना त्यांनी पस्तीस वर्षांचीच कल्पना आखली होती. ते पुढेही चालू राहिले, ते विश्वस्तांच्या निर्णयाने.

महाजनांना हा प्रश्न परका नाही. एखाद्या पूर्वजाने नंदादीपासाठी शंभर रुपयांची ठेव ठेवली. त्या काळी तिच्या व्याजात वर्षभराचे तेल येई. आज एका दिवसाचेही येत नाही. नाव पाटीवर राहते, दिवा दुसऱ्याच पैशांनी तेवतो. म्हणून पूर्वजाची श्रद्धा खोटी ठरत नाही. ती कशी पुढे न्यावी, एवढाच प्रश्न उरतो. गोव्यातील देवस्थानांचा कारभार १९३३ च्या नियमावलीने बांधलेला आहे, मन मानेल तसा विनियोग करता येत नाही, आणि ते योग्यही आहे. परंतु नवीन ठेवी स्वीकारताना दात्याशी बोलता येते. उत्सवाच्या सेवेबरोबरच मुलांचे शिक्षण, वृद्धांची शुश्रूषा, पुजारी व सेवेकरी यांचे म्हातारपण यांसाठी ठेव ठेवण्याची, आणि काळानुसार उद्देश बदलण्याची मुभा लेखी देण्याची विनंती करता येते. संतर्पणाच्या पंगतीत प्रसाद घेणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी उद्या चूल पेटणार नाही, याची चौकशी तर कोणत्याही नियमाच्या आड येत नाही.

जोसेफ राउंट्री १९२५ साली, वयाच्या ८८ व्या वर्षी, यॉर्क येथेच वारले. ज्या किराणा दुकानात त्यांनी तराजू हाती धरला, त्याच नगरीत त्यांचे सारे आयुष्य गेले. आपल्या गावाची नीट चौकशी केली तर धर्मकार्याचा पुढचा मार्ग गावातच सापडतो. येत्या वर्षीच्या जमाखर्चाला बसताना कार्यकारी मंडळाने प्रत्येक निधीपुढे एकच प्रश्न मांडावा : हा पैसा आज कोणाच्या उपयोगी पडतो आहे?