श्रेय मुलाचे, शाळा कोणाची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. अमेरिकेतल्या हायस्कुलांतील गुणगौरव समारंभांशी आपल्या चळवळीचा संबंध काय, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. निकाल लागले की आपल्या शाखाही वस्तीतील दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार करतात. गुलाबाचे फूल, एखादे पुस्तक, वह्यांचा गठ्ठा आणि पाहुण्यांचे लांबलेले भाषण. हे आपण नेमके कशासाठी करतो, याचा विचार मात्र फारसा झालेला नाही. ज्या देशाने या सत्काराचे एक भक्कम शास्त्रच बनवले, तिथला अनुभव म्हणूनच पाहण्यासारखा आहे.

तिथे हायस्कूल चार वर्षांचे, नववी ते बारावी. बारावीतल्या विद्यार्थ्यांना ‘सीनियर’ म्हणतात. मे-जूनच्या सुमारास, शाळा सोडताना, त्यांचा गौरव होतो तो तीन खात्यांवर: अभ्यास, खेळ आणि ज्याला ते ‘ॲक्टिव्हिटीज’ म्हणतात ते इतर उपक्रम. वाद्यवृंद, नाटक, वादविवाद, शाळेचे नियतकालिक, समाजसेवा हे सर्व या तिसऱ्या खात्यात येते. अभ्यासात पहिल्या आलेल्याला ‘व्हॅलेडिक्टोरियन’ म्हणतात आणि निरोपाचे भाषण बहुधा त्याच्याकडे असते. शाळेच्या संघातून खेळलेल्याला शाळेचे कापडी आद्याक्षर मिळते, ते तो अभिमानाने जाकिटावर शिवून मिरवतो. १९२१ साली मुख्याध्यापकांच्या राष्ट्रीय संघटनेने ‘नॅशनल ऑनर सोसायटी’ स्थापन केली. तिच्या सभासदत्वाच्या कसोट्या चार: विद्या, सेवा, नेतृत्व आणि चारित्र्य.

हे सारे वाईट आहे, असे मी मुळीच म्हणत नाही. आपल्याकडे गुणपत्रिकेतील टक्क्यांखेरीज मुलाला दुसरी ओळखच उरलेली नाही. तिथे निदान उत्तम कर्णा वाजवणारा मुलगा आणि उत्तम धावणारी मुलगी यांनाही व्यासपीठावर खुर्ची आहे. ही उदारता आपण घेण्यासारखी आहे. परंतु व्यासपीठावर खुर्ची मिळाली म्हणजे पुढचा रस्ता मोकळा झाला, असे होत नाही.

हवाई बेटांतील माउई येथे १९४४ साली माउई हायस्कुलातून पॅट्सी ताकेमोटो नावाची मुलगी उत्तीर्ण झाली. तिचे आजी-आजोबा जपानहून आलेले. जपानशी युद्ध चालू असलेल्या त्या दिवसांत जपानी नावाकडे संशयाने पाहिले जात होते. तरी ही मुलगी विद्यार्थी मंडळाची अध्यक्ष होती आणि वर्गाची व्हॅलेडिक्टोरियनही होती. गौरवात काही कमी पडले नव्हते. पुढे ती नेब्रास्का विद्यापीठात गेली, तेव्हा गोऱ्यांची वसतिगृहे वेगळी आणि इतरांची राहण्याची सोय वेगळी, असा प्रकार तिने पाहिला. त्याविरुद्ध तिने चळवळ केली आणि तो नियम बदलायला लावला. तिला डॉक्टर व्हायचे होते. एकामागून एक वैद्यकीय महाविद्यालयांनी तिला नाकारले, कारण ती स्त्री होती. मग ती शिकागो विद्यापीठातून १९५१ साली वकील झाली आणि १९६४ साली पॅट्सी मिंक या विवाहानंतरच्या नावाने अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात निवडून गेली. सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत स्त्री म्हणून कोणाला वगळता येणार नाही, असे सांगणारा १९७२ चा ‘टायटल नाइन’ कायदा ज्या मोजक्या व्यक्तींच्या प्रयत्नांतून झाला, त्यांत त्या अग्रभागी होत्या.

या कायद्याने काय झाले ते हायस्कुलांच्या मैदानांवर दिसते. १९७१–७२ मध्ये हायस्कुलांच्या संघांतून खेळणाऱ्या मुली होत्या सुमारे २ लाख ९४ हजार आणि मुलगे ३६ लाखांहून अधिक. २०१८–१९ मध्ये मुलींची संख्या ३४ लाखांवर गेली. या काळात मुलींच्या पायांत एकाएकी नवे बळ आले, असे तर कोणी म्हणणार नाही. १९७२ पूर्वीच्या गौरव समारंभांत खेळाडूंच्या यादीत मुली दिसत नसत, याचे कारण मुलींत गुण नव्हते हे नसून त्यांच्यासाठी संघ नव्हते, प्रशिक्षक नव्हते आणि पैसा नव्हता. यादी मात्र निर्विकारपणे ‘गुणवंतांची यादी’ म्हणूनच वाचली जात होती.

खेळाचे झाले ते अभ्यासाचेही. टेक्सास राज्यातील सॅन अँटोनिओ शहरात एजवुड आणि अलामो हाइट्स अशी दोन शाळा-मंडळे आहेत. पहिल्यात बहुतांश मेक्सिकन वंशाची कष्टकरी वस्ती, दुसऱ्यात सधन गोरी वस्ती. तिथे शाळांच्या खर्चाचा मोठा भाग स्थानिक मालमत्ता कराने भागवला जाई. १९६७–६८ चे आकडे पाहा. एजवुडचे लोक अलामो हाइट्सच्या लोकांपेक्षा अधिक दराने कर भरत होते. पण घरेच स्वस्त, त्यामुळे स्थानिक कराचे दर विद्यार्थ्यामागे पडत होते २६ डॉलर. अलामो हाइट्समध्ये पडत होते ३३३. राज्याची व केंद्राची मदत धरूनही एकीकडे ३५६ आणि दुसरीकडे ५९४. मे १९६८ मध्ये एजवुड हायस्कूलची सुमारे चारशे मुले वर्ग सोडून रस्त्यावर आली. त्यांच्या मागण्यांत क्रांतीचा शब्द नव्हता. पात्र शिक्षक द्या, पडकी इमारत दुरुस्त करा, इतकेच त्यांचे म्हणणे होते. त्यानंतर हवाई दलाच्या तळावर पत्राकाम करणारे डिमिट्रिओ रॉड्रिगेझ आणि इतर पालक न्यायालयात गेले. (अमेरिकेत स्थायिक झालेली आपली मराठी मंडळी घर घेताना आधी ‘तिथल्या शाळा कशा’ हे का पाहतात, त्याचे उत्तर या कररचनेत आहे. भाच्याचा तिकडे गौरव झाल्याचे कळते तेव्हा त्या पत्त्याची किंमतही ध्यानात ठेवावी. म्हणून त्याचे कौतुक कमी करायचे कारण नाही.)

२१ मार्च १९७३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी पालकांविरुद्ध निकाल दिला. थर्गुड मार्शल हे अल्पमतात होते. खटल्यात एक युक्तिवाद असा होता की, गरीब शाळांतूनही हुशार मुले पुढे येतातच, मग अन्याय कुठे आहे? मार्शल यांनी त्याला दिलेले उत्तर प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानात ठेवावे. त्यांचा आशय असा: पैसा कमी, इमारत हलकी, शिक्षक अननुभवी, वर्ग गच्च भरलेले, विषय मोजके, अशा शाळेत जाणे भाग पडलेले मूल तरीही चमकले, तर ते श्रेय त्या मुलाचे आहे, राज्याचे नव्हे.

आपल्या सत्कार समारंभांत नेमकी हीच गफलत होते. झोपडपट्टीतली मुलगी नव्वद टक्के मिळवते, वृत्तपत्रात तिचे छायाचित्र येते, आणि व्यासपीठावरचा वक्ता सांगतो, ‘पाहा, जिद्द असली की परिस्थिती आड येत नाही.’ टाळ्या पडतात. पण परिस्थिती आड आलीच होती. त्याच वर्गातल्या जी चाळीस मुले नापास झाली किंवा निम्म्यात शाळा सोडून गेली, त्यांच्या आड ती आली. एका मुलीच्या पराक्रमाचा उपयोग उरलेल्या चाळीसांना दोषी ठरवण्यासाठी होत असेल, तर तो सत्कार त्या मुलीचाही अपमान आहे, असे माझे मत आहे. ती चाळीस मुले तिचीच भावंडे आणि शेजारी असतात. एजवुडचे लोक मात्र १९७३ च्या निकालानंतर स्वस्थ बसले नाहीत. १९८९ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने, राज्याच्या घटनेच्या आधारे, ही अर्थव्यवस्था एकमताने घटनाबाह्य ठरवली.

आता तिसऱ्या खात्याविषयी थोडे. कॅलिफोर्नियात १९७८ साली मतदारांनी मालमत्ता करावर कडक मर्यादा घातली. शाळांचे उत्पन्न आटले, तेव्हा सांता बार्बरा येथील शाळा-मंडळाने खेळाच्या प्रत्येक संघासाठी आणि नाटक, संगीत यांसारख्या उपक्रमांसाठी २५ डॉलर शुल्क लावले. गरिबांना अर्ज केल्यास माफी होती. हार्टझेल विरुद्ध कॉनेल या खटल्यात १९८४ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हे शुल्क रद्द केले. खेळ व नाटक हे शिक्षणाचे तोंडीलावणे नसून शिक्षणाचाच भाग आहेत, आणि मोफत शाळा हा सर्वांचा हक्क असल्याने गरिबांना माफी देऊन भागत नाही, असा तो निर्णय होता. फुटबॉल खेळण्यासाठी मुलाने आपल्या बापाच्या गरिबीचा दाखला का द्यावा? इतर कित्येक राज्यांत अशी शुल्के आजही घेतली जातात.

या ‘अष्टपैलू’ गुणवत्तेचा एक इतिहास असाही आहे की, तो गौरव समारंभात कोणी सांगत नाही. १९२२ च्या सुमारास हार्वर्ड विद्यापीठात प्रवेश घेणाऱ्यांत ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण पाचव्या हिश्शाच्या वर गेले होते. परीक्षेत ती मुले पुढे होती. विद्यापीठाचे अध्यक्ष लॉवेल यांना उघड मर्यादा घालायची होती, पण तिला विरोध झाला. मग १९२६ पासून प्रवेशात ‘चारित्र्य’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ यांचे वजन वाढवले गेले, आणि ज्यूंची संख्या घटली. तात्पर्य, कसोट्या वाढवल्याने न्याय वाढतोच असे नाही. कसोटी कोणाच्या हाती आहे यावर पुष्कळ अवलंबून असते.

याउलट टेक्सासने १९९७ साली एक साधी गोष्ट केली. प्रवेशात वंशाचा विचार करण्यास १९९६ साली न्यायालयाने मनाई केल्यावर, अर्मा रँगेल या मेक्सिकन वंशाच्या आमदारांच्या पुढाकाराने कायदा झाला की, राज्यातील कोणत्याही हायस्कूलच्या बारावीत पहिल्या दहा टक्क्यांत येणाऱ्याला राज्याच्या विद्यापीठांत आपोआप प्रवेश मिळेल. म्हणजे मुलाची तुलना त्याच बाकांवर, त्याच शिक्षकांकडे शिकलेल्या मुलांशी करायची. ग्रामीण भागातील गोऱ्या आमदारांनीही त्याला पाठिंबा दिला, कारण त्यांच्या मतदारसंघांतल्या शाळाही मोठ्या विद्यापीठांच्या हिशेबात नव्हत्या. या कायद्यातही उणिवा आहेत. तो खेळ व उपक्रम मोजत नाही, आणि वस्त्या अलग राहण्यावरच त्याचे फळ अवलंबून आहे. २००९ साली ऑस्टिनच्या विद्यापीठाला त्यात मर्यादा घालून देण्यात आली, आणि आता तिथे पहिल्या दहा टक्क्यांत असणे पुरत नाही. तरी शाळेतला गौरव भिंतीवरच्या फलकापुरता न ठेवता तो प्रवेशाचा हक्क बनवता येतो, हे त्या कायद्याने दाखवून दिले.

आपल्या शाखांनी सत्कार बंद करावेत, असे मी सुचवत नाही. मुलांना आनंद होतो, आयांच्या डोळ्यांत पाणी येते, आणि त्यात खोटे काही नसते. माझी सूचना एवढीच आहे की, पुढच्या वर्षी यादी करताना मुलाच्या नावापुढे केवळ टक्के लिहू नका. त्याच्या शाळेत शिक्षकांच्या किती जागा रिकाम्या आहेत, प्रयोगशाळा चालू आहे की कुलूपबंद, मैदान आहे की नाही, मुलींच्या संघाला स्पर्धेला जायचे भाडे कोण देते, आणि त्या वर्गातली किती मुले परीक्षेला बसलीच नाहीत, हेही लिहा. ती माहिती मुख्याध्यापकांकडून आणि मुलांच्या पालकांकडून मिळेल. समारंभात पाहुण्यांच्या भाषणाऐवजी ती वाचून दाखवा, आणि दुसऱ्या दिवशी तोच कागद घेऊन पालकांसह शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात जा.